सात ग्रॅम

उखर्डूदादा निवृत्त झाले त्या दिवशी
मला तीन वस्तू मिळाल्या :
चोवीसचा पाना,
पंप बिघडल्यावरच द्यायची एक शिवी,
आणि लोणच्याच्या अकरा बरण्या
ज्यांत लोणचं नव्हतं.

बरण्यांवर चिकटपट्टी, तिच्यावर साल.
आत काळा लगदा, काजळासारखा,
पण काजळ बोटाला इतकं जड लागत नाही.

धरणगावच्या जिनिंगमध्ये तेव्हा हंगाम ऐन भरात.
कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत,
सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या,
आणि प्रेसचा दट्ट्या
गाठ दाबून, क्षणभर थांबून,
सुस्कारा टाकत मागे येणारा.

"घाण आहे का ही?"
"दख माय," दादा म्हणाले, "मशीन सोताले खास."
मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली,
माझ्या कानाला खास म्हणजे काहीतरी विशेष.
दादांच्या बोलीत खास म्हणजे खाते.
मशीन स्वतःलाच खाते.
पंपाची पाती, सिलिंडरची भिंत,
रोज कणकण, तेलात.

तेल बघावं तर मधासारखं.
काचेच्या ग्लासात धरलं
तर कुणी शपथेवर सांगेल, स्वच्छ आहे.
जाळीचा फिल्टर मोठं ते अडवतो.
केसाच्या जाडीचे दहा भाग केले
तर त्यातला एक भाग त्याच्यातून
सहज निघून जातो, पुन्हा पंपात,
तिथे आणखी खरवडतो,
आणखी कण घेऊन येतो.
मग रात्री दोनला व्हॉल्व्हचा स्पूल अडकतो
आणि हमाल बिड्या पेटवतात (बाहेर जाऊन, कापूस आहे).

चुंबक काही अडवत नाही.
टाकीत, परतीच्या पाइपाच्या तोंडाशी, नुसता उभा असतो.
तेल त्याला वळसा घालून जातं,
लोखंड जात नाही.
पहिला चुंबक दादांनी लग्नाच्या बँडच्या
फुटक्या भोंग्यातून काढलेला.
कंपनीचा दांडा आला तो खूप नंतर.
पितळ त्याला कळत नाही, रबर कळत नाही,
सरकीचा तूस तर मुळीच नाही.
"त्येनं काम तो करस, आपलं आपन करानं."

दादांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत.
म्हणून आईने त्यांना उकिरड्यावर ठेवलं
आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर म्हणून
उचलून घरी आणलं.
म्हणून हे नाव.
हे त्यांनी मला दांडा पुसता पुसता सांगितलं,
जुन्या बनियनने, वरून खाली,
म्हशीचं शेपूट धुवावं तसं.

आता दर सोमवारी मी पुसते.
कापसाचा नमुना तोलायच्या काट्यावर ठेवते.
वहीत : चार. चार. साडेतीन. चार.
या सोमवारी सात.

टॉर्च मारला.
लगद्यात चकाकणारे पापुद्रे,
माशाच्या खवल्याएवढेही नाहीत, पण आहेत.
नवव्या बरणीत असेच आहेत,
ज्या साली पंप फुटला
आणि प्रेस बारा दिवस उभा राहिला.

शेठच्या टेबलावर दोन्ही बरण्या ठेवल्या.
त्यांनी एकीचं झाकण उघडून वास घेतला,
सवयीने असेल.
"सात म्हणजे किती दिवस?"
मला सांगता येईना.
"मग हंगाम उरकू दे."

दादांना फोन लावला.
म्हणाले, बोलू नको. फोन पंपाले लाव.

मी पंपाच्या अंगावर फोन धरला.
माझ्या तळव्यात आला तो कंप,
त्यांच्या कानात काय गेलं कोण जाणे.
गाठ सुटली, दुसरी आली, दट्ट्या गेला, आला.
फोन कानाला लावला तर पलीकडे
कोंबडा, कुणीतरी भांडी घासतंय,
आणि दादांचा श्वास.

मग त्यांनी ती शिवी दिली.